मासा आणि नळी

छातीच्या दवाखान्यात शिक्षिका पुस्तक उघडून नंबराची वाट बघत होती. शेजारच्या आजोबांच्या हातात ऑक्सिजन मशीनची चिठ्ठी होती, आणि आजी त्यांच्यावर वैतागल्या होत्या.

“नाकात नळी घालून बसणार नाही मी. गोल्डफिश बघ. तळं गोठलं, ऑक्सिजन संपला, की अंगातच दारू बनवून जगतो.”

“आणि पितो?”

“नाही. कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो.”

“मग तुमचं त्याच्याशी काय नातं? तुम्ही आयुष्यात कधी थेंब सोडलात?”

आजोबा हसले आणि हसता हसता धापा टाकू लागले. आजी पाठ चोळत राहिल्या. शिक्षिकेने पुस्तकाचं पान उलटलंच नाही.

“नळी लांब असते का गं?” आजोबांनी आजींना विचारलं.

“आपल्या बाल्कनीपर्यंत पोचते. शेजारणीच्या नाही. विचारून आलेय मी.”