किरकोळ पत्रव्यवहार

...नाही, पण मला एक सांगा, नव्वद टक्के झाल्यावर कुणी नाही म्हणतं का? नाहीच म्हणायचं तर आधी म्हणावं! सतरा तास तो कॉम्प्युटर घुं घुं करत बसला, खोलीत एवढी ऊब की माझे मोजे वाळले, आणि शेवटी पडद्यावर लाल अक्षरात काय, तर – डिस्कवर जागा नाही! तुम्हाला सांगतो, माझा हेतू वाईट नव्हता.

माझी सूनबाई इंजिनियर. घरूनच काम करते. पादचारी पूल बांधण्याआधी तो कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, त्यावरून हजार माणसं चालवायची आणि तो किती डुलतो ते बघायचं. या गणिताचं कच्चं कामच इतकं साठतं की डिस्क भरते, आणि डिस्क भरली की सतरा तास पाण्यात! वर फोनवर तिचे साहेब – "मॅडम, शुक्रवारी दोनपर्यंत आकडे द्या, नाहीतर पूल दुसऱ्याकडे देतो. मग बसा निवांत!"

ती बिचारी आवराआवरीला लागली. म्हणाली, "बाबा, जुनं सगळं पुसून टाकलं." पुसून टाकलं! माझं सामान वाचलंय ना, ते मी आधी धावत जाऊन बघितलं हो. कारण त्याच डिस्कवर माझ्या निरोप समारंभाचा व्हिडिओ होता... चार तास दहा मिनिटांचा. माझा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तीच म्हणाली होती, "माझ्याकडे ठेवा की." आता मी चौतीस वर्षं अभिलेख कक्षात कारकून. मूळ प्रत, कार्यालयीन प्रत, राखीव प्रत, याशिवाय मला झोप लागत नाही. तीन प्रती होत्याच, आणि त्या वाचल्या होत्या. ती आंघोळीला गेली तशा आणखी दोन केल्या. फोल्डरला नाव दिलं 'किरकोळ पत्रव्यवहार'. या नावाची फाइल चौतीस वर्षांत कुणी उघडलेली मी पाहिली नाही, तपासणीला आलेल्यांनीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्वद टक्के, पुन्हा जागा नाही. तिने आणखी पुसलं, मी आणखी घाबरलो, आणखी प्रती केल्या... म्हणजे ती जागा करतेय आणि मी भरतोय! पण तुम्हाला सांगतो, हेतू वाईट नव्हता.

एकदा तर तिचं बोट बरोबर तिथे थांबलं. "बाबा, हे किरकोळ पत्रव्यवहार काय आहे?"

मी म्हटलं, "असेल काहीतरी किरकोळ."

आणि तिने विश्वास ठेवला हो! वर डोळे चोळत मलाच म्हणते, "माझंच काहीतरी चुकतंय, बाबा. तुमच्या चहालाही उशीर झाला, सॉरी." सांगा, असा चहा घशाखाली उतरतो?

गुरुवारी दुपारी ती शेजारच्या खोलीत साहेबांची बोलणी खात होती, तेव्हा मी मन घट्ट केलं आणि सगळ्या प्रती पुसल्या. सगळ्या! मूळसुद्धा! वाटलं, फिटलं पाप. ती आली, बटण दाबलं... जागा नाही. आता तर गणित सुरूच होईना!

कारण काय, तर पुसलेलं जातं कचरापेटीत, आणि ही कचरापेटी असते कपाटाच्या आतच, म्हणजे त्याच डिस्कवर! ही कुठली रीत? आमच्याकडे टोपलीत टाकलेला कागद सकाळपर्यंत गेलेला असायचा!

पाच वाजले होते. तिने साहेबांना 'जमणार नाही' लिहायला घेतलं. मग मात्र माझं तोंड उघडलं. "सूनबाई, ते किरकोळ होतं ना... ते माझं होतं."

तिने कचरापेटी उघडली. आत अकरा निरोप समारंभ! मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एक प्रत छोट्या डिस्कवर काढून माझ्या हातात ठेवली, पेटी रिकामी केली, गणित लावलं. शुक्रवारी दुपारी बाराला आकडे गेले. पूल डुलतो, पण बेताने.

संध्याकाळी मी आपला कोपऱ्यात बसून टीव्हीवर व्हिडिओ लावला. जरा बरं वाटावं म्हणून हो... तर आमचे मोठे साहेब माईकवर म्हणतायत, "चौतीस वर्षांत यांच्यामुळे कुणाचं काम कधी अडलं नाही!" आणि टाळ्या!

मागे सूनबाई चहा घेऊन उभी. म्हणाली, "बाबा, एवढं वाक्य पुन्हा लावा ना."

लावलं. काय करणार? एकदा मूळ, एकदा कार्यालयीन, एकदा राखीव.