दिव्यांचा ठराव

विद्यार्थी परिषदेचं नाव काढू नका माझ्यापुढं. परभणीला शिकायला होतो तेव्हा मी तिच्या छाननी समितीत होतो. कुठलाही ठराव परिषदेपुढं जायच्या आधी आमी तपासायचा. नियम असा की मांडणारा स्वतः समोर पाहिजे, नसला तर ठराव बाद.

पेडगावच्या ज्ञानोबानं ठराव आणला, कॉलेजातून शेतामधून होस्टेलला येणाऱ्या वाटेवर दिवे लावा म्हणून. "दादा, लय अंधार असतोय. साप निघायलेत."

आमचा अध्यक्ष विक्रमदादा म्हणाला, "आजवर कुणाला चावला का?"

"न्हाई."

"मग घाई काय हाय? पुढच्या बैठकीत बघू."

त्या बैठकीच्या आधीच ज्ञानोबाला त्याच वाटेवर साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

बैठक सुरू झाली तेव्हा आमी सगळे त्याच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो. मग बसलो. विक्रमदादानं पुढचा विषय घेतला, "दिव्यांचा ठराव. मांडणारा हजर हाय का?"

सगळे खाली बघायला लागले. मी म्हणालो, "दादा, आत्ता कुणासाठी उभे राहिलो आपण?"

"मला कळत न्हाई का? पण नियम हाय. गैरहजर, ठराव बाद. तुला मांडायचा तर नव्यानं दे."

बैठक सुटली तेव्हा अंधार पडला होता. आमी त्याच वाटेनं होस्टेलला निघालो. विक्रमदादा पुढं, मोबाईलची बॅटरी पायाशी धरून. मधेच थांबला, मागं वळला आणि म्हणाला, "खाली बघून चाला रे."