जीपमधून उतरलो ते

मला चहा अर्धाच ओत. पोटात गेला की दहा मिनिटांत पळावं लागतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर डॉक्टरांनी आत किरण सोडणाऱ्या बारीक बिया बसवल्या, तेव्हापासून हे असंच. कॅन्सर आटोक्यात आहे म्हणतात, लघवी नाही.

बिया बसवून महिना झाला असेल. पेन्शनच्या कामाला धडगावला गेलो होतो. परतीच्या जीपमध्ये आधीच कोंबाकोंबी, त्यात ड्रायव्हर म्हणतो, "सरका ना गुरुजी, एकच सवारी शे." आणि एका गरोदर बाईला माझ्या मांडीला मांडी लावून बसवलं. डॉक्टरांनी बजावलेलं, दोन महिने गरोदर बाईला चिकटून बसायचं नाही, किरण पोटातल्या बाळाला बाधतात. मी ओरडलोच, "हिला माझ्याजवळ नको!"

मागून तिचा नवरा वाकला. माझाच जुना विद्यार्थी.

"आम्ही डोंगरातले म्हणून का, गुरुजी?"

"नाही रे, मला..." बियांचं सांगायचं, तर त्या कुठे बसवल्यात तेही सांगावं लागलं असतं, भरल्या जीपमध्ये. घाटातच उतरलो.

जीप हलली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "गुरुजी, सगळी माणसं सारखी, हे तुम्हीच शिकवलं होतं."