पाटी काढली ते बरं झालं

— नाही नाही, पोती मग मोज, आधी इकडे बघ. फोनकडे नको, माझ्याकडे. फोन आपला चालू राहू दे, तो काय चावतोय? नवीन दिसतेस. बिल्ल्यावर काय लिहिलंय — ट्वायला कूम्ब्ज. म्हणजे डॅरेल कूम्ब्जची बायको? अगं, मग तुझे सासरे आणि मी एकाच चर्चमधले! मी व्हर्लिन स्टँपर. हां — ऐकलंयस ना नाव? वाटलंच. चेहराच उतरला तुझा.

घाबरू नकोस, साधं काम आहे. मागच्या जूनमध्ये तुमच्या कंपनीने त्या दारावर पाटी लावली होती — इंद्रधनुष्याचे रंग, त्या समलिंगी लोकांच्या झेंड्याचे, आणि खाली 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे'. आता मला सांग, गाईगुरांचं खाद्य विकणारं दुकान, कुंपणाची तार विकणारं दुकान, त्यांना कुणी विचारलं होतं का, कोण कुणाबरोबर राहतं ते? नव्हतं विचारलं. तर ती पाटी गेली. कुणामुळे गेली? माझ्यामुळे. तू फक्त एवढंच म्हणायचंस, 'पाटी काढली ते बरं झालं.' की मी चाललो. काय? मॅनेजरला विचारतेस? तो मागे दार लावून बसलाय — मला बघितलं आणि आत पळाला. तेव्हाही असाच पळाला होता, रेनिटाला एकटीला टाकून.

रेनिटा माहीत नाही? तुझ्याआधी याच गल्ल्यावर होती की. माझी मेहुणी — सख्खी, माझ्या बायकोची, लव्हॉनची धाकटी बहीण. आणि मेहुणी म्हणून मी तिला सोडली का? नाही सोडली. इथेच उभा राहिलो, असाच फोन धरून, आणि विचारलं, 'रेनिटा, ही पाटी तुला पटते का? हो की नाही?' तर म्हणते काय, 'व्हर्लिन, कोंबड्यांचं खाद्य नेहमीचंच देऊ ना?' मी म्हटलं, 'इथे काम करायची लाज वाटते का तुला?' तर म्हणते, 'मका भरडलेला हवा की अख्खा?' मागे रांगेत लोक हसायला लागले — तिला नाही गं, मला! मग मी पण सोडलं नाही. ती तार आणायला गेली, मी मागे. ती पाणी प्यायला गेली, मी मागे. पेला हिंदकळत होता तिच्या हातात, तो दिसतो व्हिडिओत स्पष्ट. तेच लोकांना आवडलं. घराघरात बघितला तो व्हिडिओ.

मग काय, लोक यायला लागले. शेजारच्या काउंटीतून, पार टेनेसीतून — प्रत्येकाच्या हातात फोन, आणि तेच विचारायचं रेनिटाला. एकाने तर बियाण्याचं अख्खं पोतं गल्ल्यावर ओतलं आणि म्हणाला, 'झाड आता.' झाडलं तिने. गुडघ्यांवर बसून. मी नव्हतो त्यात, मी नुसता बघायला आलो होतो. शेवटी एकाला म्हणाली, 'सगळ्यांचं स्वागत आहे, दुर्दैवाने तुमचंही.' झालं! त्याच दुपारी कंपनीने हाकलली, आणि मग गुपचूप पाटीही उतरवली. म्हणजे बघ, कंपनीला तरी ती पाटी कुठे मनापासून हवी होती? रेनिटा उगाच —

उगाच. एक शब्द बोलायचा होता. 'नाही पटत' म्हणाली असती तर मीच पुढे होऊन सगळ्यांना सांगितलं असतं, माझी मेहुणी आहे, हात लावू नका. पण नाही! त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणते कशी — 'तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला अंघोळ मी घालत होते, व्हर्लिन. तिने मला काही विचारलं नाही, मी तिला काही विचारलं नाही.' सगळ्यांसमोर! माझ्या आईचं! — नाही, ते व्हिडिओत नाही. काढलं मी ते. लोकांना काय करायचंय माझ्या आईशी?

पण फोनमध्ये होतं अख्खं. लव्हॉनने बघितलं. एकदा नाही, स्वयंपाकघरात उभी राहून परत परत. आवाज येत होता मला. ओरडली असती तर बरं — नुसता फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि कोट घालून निघाली. रेनिटाकडे आहे. बहिणीला सोबत म्हणून गेलीये, येईल. हिवाळाभर कोंबड्या मीच बघतोय, त्या काय मला ओळखतात? तू का बघतेस अशी? कीव करतेस? माझी?

बरं. आता नीट ऐक. डॅरेल कामाला होता ती खाण बंद पडली, तो घरी बसलाय, तुमच्या घरात कमावतं माणूस तूच. ठाऊक आहे मला. हा व्हिडिओ आत्ता सगळ्यांना टाकला तर उद्या इथे कोण कोण येईल तेही तुला ठाऊक आहे. तर म्हण. म्हण ना. — काय? मोठ्याने. रांगेतल्याला ऐकू गेलं पाहिजे. — असं पाठ केल्यासारखं नको, मनापासून. वर बघून. पुन्हा. — पुन्हा.

हं.

बघ, किती सोपं होतं. तू काय, आत्ता मी म्हटलं 'पाटी परत लावा म्हण', तर तेही म्हणशील, नाही? म्हणशीलच. रेनिटाला का नाही जमलं मग हे? आं? का नाही जमलं?

जाऊ दे. ते पोतं दे इकडे. मी उचलतो, तू हात लावू नकोस. अहो भाऊ, या पुढे, झालं आमचं. आणि ट्वायला, ते डोळे पूस आधी. गिऱ्हाईकासमोर असं उभं राहतात का?