बाबांना दात येणार

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बोळक्या तोंडाचे एक गृहस्थ कवळीचं माप द्यायला बसले होते. सोबत लेक, लेकाच्या हातात मोबाइल.

"बाबा, थांबा, माप देऊ नका! म्हातारपणी पुन्हा दात उगवणार, बातमी आलीय."

"कुणाला?"

"सध्या उंदराला."

"उंदराला दात कमी होते का?"

"आधी उंदीर, मग माणूस! एक इंजेक्शन, की बत्तीसच्या बत्तीस. कवळी जुनी झाली हो."

"टीव्हीच्या वेळीही हेच. 'थांबा, गुंडाळून ठेवायचा टीव्ही येतोय.' तेव्हापासून आपण शेजाऱ्यांच्या खिडकीतून बातम्या बघतोय."

"दिसतं की व्यवस्थित. आवाज तेवढा येत नाही."

"बरं, उगवताना दुखतं का?"

"ते काही दिलेलं नाही."

"मी सांगतो. तुझे आले तेव्हा ताप, जुलाब, छातीभर लाळ. दिसेल त्याला चावायचास. रात्र रात्र तुला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घातल्यात. आता माझे येतील, तेव्हा मला खांद्यावर कोण घेणार?"

लेकाने वडिलांकडे नीट पाहिलं. गृहस्थ चांगले धिप्पाड होते.

"सिस्टर," तो उठलाच, "कवळी आजच्या आज मिळेल का हो?"