पहिली ओळ कुणी धरायची

...तो आवाज अजून कानात आहे हो, माझ्या गंगाबाईचा! तरणी होती तेव्हा. पनवेलजवळच्या आमच्या गावात कुणाची तरी हळद, बायका धवले, म्हणजे आमची लग्नातली गाणी, म्हणतायत, माझी बायको पुढं, बाकीच्या मागं, आणि लाइट गेली, कर्णा बंद, सगळ्या गप्प... आणि काळोखात हिची एकटीची ओळ तशीच चालू! दुसऱ्या ओळीला एकेक बाई आपसूक मागं लागली.

हे मधेच कशाला? तर तुम्हाला सांगतो, आमच्या कल्पेशनं, मुलानं, छपरावर सोलर बसवलं, आणि लाइन गेली की तेही बंद! ऊन डोक्यावर, नि पंखा बंद! गंगाबाई पदरानं वारा घेत विचारायची, "कल्पेश, तुज्या सूर्यानं पन बिल नाय भरलं का रं?"

परवा इंद्रजीत मेकॅनिक नवा इन्व्हर्टर लावून गेला. म्हणाला, "आजोबा, जुना लाइनच्या तालावर चालायचा. ती गप्प, की तोही गप्प. हा बॅटरीच्या जोरावर स्वतः ताल धरतो, बाकीची यंत्रं त्याला धरून येतात." पूर्वी म्हणे वीजकेंद्रांतली अवजड चाकं सगळ्यांचा ताल सांभाळायची. आता ऊन-वाऱ्याची वीज वाढली, मागून म्हणणारेच फार झाले, पहिली ओळ धरणारं कुणीतरी नको का? नाहीतर एक अडखळला, की गावंच्या गावं काळोखात.

अरे, म्हटलं, ही तर आमची गंगाबाई!

ती गेली गेल्या पावसाळ्यात. तेव्हापासून कल्पेश आणि मी... भांडण नाही हो! आमचं बोलणंच तिच्यातून जायचं. तो तिला म्हणायचा, "बापाला विचार, जेवला का." मी म्हणायचो, "पोराला सांग, छत्री ने." आता समोरासमोर बसतो, भात कालवतो, आणि कोण सुरू करणार? ऊन डोक्यावर, नि पंखा बंद...

काल ठरवलं, आपण ताल धरायचा. दुपारी जेवताना लाइन गेली, आणि काय सांगू, पंखा अडखळला नाही! मला धीर आला. घसा खाकरला, म्हटलं, "कल्पेश, आयची आठवन येते रं."

त्याचा हात थांबला. वाटलं, आला, आला, धरली दुसरी ओळ...

त्यानं ताट उचललं, मोरीत ठेवलं, चपला घातल्या, आणि बाहेर निघून गेला.

पंखा तेवढा चालू.