पिनवरचे तीन दिरहम

आता नाणी तीन ठेवली होती की चार, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही… तीनच असावीत, चौथं खिशात नव्हतं… पण मुद्दा तो नाहीच! मुद्दा असा, की जावयाची तबकडी तपासायला मलाच का सांगावं? तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं पुण्यात संख्याशास्त्र शिकवलं, पण इथे आखातात लेकीच्या घरी, अल नहदातल्या इमारतीच्या सतराव्या मजल्यावर, एसीचा रिमोटसुद्धा मी विचारल्याशिवाय उचलत नाही… आणि हा अंकुर, आमचा जावई, रुवैसच्या रिफायनरीतून फोन करतो, "बाबा, लंडनचं पार्सल आलंय ना, जरा लावून बघा, स्क्रॅच असेल तर आजच परत पाठवायचंय, लास्ट डेट आहे… वीस वर्षं शोधतोय मी ही रेकॉर्ड!" वीस वर्षं! अहो, मग ती माझ्या हातात कशाला देता? लेक मैथिली ऑफिसात, घरात मी एकटा. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

लावली. कुठल्याशा दोन गोऱ्या पोरांची, अगदी सुरुवातीची म्हणे. वाद्य हातात धरायचं नाही, लोकांच्या जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडायचे आणि खालून ढोल बडवायचा… धडाम् धाड्, धडाम् धाड्! भिंतीवरचं कॅलेंडर हललं हो! आणि मध्येच एक माणूस म्हणतो, "लिसन." बरं. "लिसन." हो. "लिसन… लिसन… लिसन…" अरे ऐकतोय की, पुढे बोल! पण पुढे बोलेल तर शपथ! तेवढ्यात बेल वाजली. दारात वॉचमन मुश्ताक. "अंकल, नीचे तक आवाज आ रहा है… अरे, ये तो अटक गया है!" म्हणजे दोन स्वतंत्र निरीक्षकांचं एकमत झालं, नाही का? पिन अडकली! आणि पिन अडकली की आमचे वडील काय करायचे? पिनच्या दांड्यावर चार आणे ठेवायचे, नाट्यगीत सुरळीत पुढे! इथे चार आणे कुठून आणू? एक दिरहम ठेवला. "लिसन." दुसरा ठेवला. "लिसन." तिसरा ठेवला… म्हणजे तेव्हाचे सत्तावन्न रुपये पिनच्या डोक्यावर… आणि खर्र्र्र! गाणं सरकलं पुढे.

मुश्ताक म्हणाला, "खलास," आणि लिफ्टमध्ये शिरला.

नाणी काढून पुन्हा लावली. खर्र्र्र तिथेच! आता ही खरखर आधीची, की माझी? आधीची असेल तर आजच परत पाठवायला हवी. माझी असेल तर परत पाठवणं म्हणजे शुद्ध लबाडी! आधीची नोंद नाही, तुलनेला दुसरा नमुना नाही… आणि फोन वाजला. "बाबा, कशी आहे?" तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी म्हणालो, "उत्तम!"

गुरुवारी अंकुर घरी आला, बूट न काढता आधी ती लावली. मी शेजारी मुठी आवळून. खर्र्र्र आली… आणि त्याने डोळे मिटले. "वा!" आता हे "वा" म्हणजे टोमणा, की सासऱ्याची भीड? कळायला मार्ग नाही! मग दर सुट्टीला तो लावणार आणि दर सुट्टीला मी शेजारी जाऊन बसणार, न जाणो, आजच विचारलं तर… डोकं दुखतंय, कानात दडे बसलेत, तरी बसणार! आणि हा पाहुण्यांना सांगणार, "आमच्या बाबांएवढं मन लावून कुणी ऐकत नाही!" माझ्या पंचाहत्तरीला काय दिलं असेल त्याने? तीच तबकडी! वर म्हणतो, "घ्या बाबा, माझ्यापेक्षा तुमचाच जीव आहे हिच्यावर." डोळ्यांत पाणी हो पोराच्या! अशा वेळी तोंड उघडू? तुम्हीच सांगा!

परवा आमची नात रिद्धी म्हणाली, "आजोबा, इट्स ऑन माय फोन टू!" आणि तेच गाणं लावलं. फोनवर! जिथे पिन नाही, दांडा नाही, मी नाही. "लिसन" बरोबर सोळा वेळा… आणि दोन मिनिटं अकरा सेकंदांवर… खर्र्र्र! तीनदा ताडून पाहिलं. त्या दोघांनी ती खरखर मुद्दाम, हौसेने घातलेली आहे. सहा वर्षांनी खात्री झाली हो. तबकडी पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे… आणि आता ती माझी आहे.